आपाचा खाका

दुकानाच्या पायरीवर पाऊल वाजलं की आपा मान वर न करता विचारायची, "बोला, कुणाच्या घरी काय आहे?"

माणूस सांगायचा. कुणाच्या घरी लग्न, कुणाच्या घरी तेरावं, कुणाच्या घरी नुसतीच पीएचडी. औरंगपुऱ्याच्या मागच्या बोळात, झेरॉक्सवाला आणि चष्मेवाला यांच्या मधोमध आपाचं डीटीपीचं दुकान होतं. दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर, एक यूपीएस जो लाईट गेल्यावर जावयासारखा कोकलायचा. शहरातली निम्मी सुखदुःखं त्या दोन टेबलांवरून छापायला जात, असं मी लिहिलं तर आमचे हे म्हणतील, "झालं, लागली वाढवायला." तर निम्मी नको. पाव धरा.

तिचं नाव रुखसाना. धाकटा भाऊ युनूस तिला आपा म्हणायचा. ते ऐकून झेरॉक्सवाला म्हणायला लागला, मग गिऱ्हाइकं, मग मी. वडील खुलताबादला शिंपी होते. शेरवानीपासून शाळेच्या चड्डीपर्यंत प्रत्येक कपड्याचा कागदी खाका त्यांच्या दुकानात खिळ्याला टांगलेला असे. गिऱ्हाईक बदलायचं, खाका तोच. लेकीनं कापडाऐवजी पानं धरली, पण शब्द बापाचाच ठेवला. पुस्तकाचा किंवा पत्रिकेचा जो कोरा साचा आधी करून ठेवतात, त्याला ती खाकाच म्हणायची. तिचं लग्न झालं होतं आणि मोडलं होतं, एवढंच मला ठाऊक. एकदा विचारलं तर म्हणाली, "तो खाका जमला नाय," आणि प्रिंट काढायला उठली. पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

मी तिच्याकडे लागले तेव्हा मुलं शाळेत जायला लागली होती आणि माझ्याकडे टायपिंगचं एक सर्टिफिकेट होतं, ज्याचा मला नको तितका अभिमान होता. पहिल्या दिवशी तिनं एक पान दिलं. मी मथळा टाईप केला आणि तो मधोमध यावा म्हणून स्पेसबार दाबत बसले. आपा मागं येऊन उभी राहिली.

"काय करतीयस गं?"

"मथळा मधे आणतेय."

"ढकलत ढकलत? म्हैस हाय का ती?"

मग तिनं मला स्टाईल दाखवली. मथळा कसा दिसावा, किती मोठा, कुठं उभा, खाली किती मोकळी जागा, हे एकदाच ठरवायचं, त्याला नाव द्यायचं आणि मग प्रत्येक मथळ्याला फक्त ते नाव लावायचं. उद्या पुस्तकवाल्याचं मन बदललं तर नावापाशी एकदा बदल करायचा; पाचशे पानांतले मथळे आपोआप सुधारतात. मी म्हटलं, पण हातानं बोल्ड केलं, मोठं केलं, तरी दिसायला तर सारखंच दिसतं की. त्यावर तिनं जे सांगितलं ते मी पुढं शंभरदा ऐकलं. "हातानं करतात ते लाड. स्टाईलनं लागतं ते वळण. लाड नको करू मंगल, वळण लाव."

तिच्या स्टाईलींची नावं ऐकून नवी माणसं हसायची. सगळ्यांच्या मुळाशी जी स्टाईल, तिचं नाव 'दादी'. दादीचा फॉन्ट बदलला की घरातल्या सगळ्यांचा बदलतो, म्हणून आपाला विचारल्याशिवाय दादीला हात लावायचा नाही. मोठा मथळा 'थोरला', त्याखालचा 'मधला', मग 'धाकटी'. दुसऱ्याच्या पुस्तकातला उतारा असेल तर तो 'पाहुणा', दोन्हीकडून अंग चोरून बसलेला. आणि फोटोखालच्या ओळीचं नाव 'जावई', कारण तिला कुठंही बसवली तरी ती जागेवरून कुरकुर करते. एखाद्या ओळीला कुणी हातानं वेगळं काही केलं की स्टाईलच्या नावापुढं एक छोटं अधिकचं चिन्ह उगवतं. आपाला ते लांबूनही दिसायचं. "कोण रुसलंय तिकडं?" ती विचारायची आणि मी रुसलेल्या ओळीची समजूत काढायचे.

हे ज्ञान मी घरीही लावून पाहिलं. मुलांना वळण लावायचं ठरवलं, यांना 'थोरला' म्हणून एक स्टाईल ठरवून दिली. आठवडाभरात घरात प्रत्येकाच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह दिसायला लागलं. दादी म्हणजे आमच्या सासूबाई, त्यांना तर हात लावायची सोयच नव्हती.

शहराचं नाव बदललं त्या वर्षी दुकानात रांग लागली. लेटरहेड, पावती, पाकीट, सगळंच नवं हवं. आपानं प्रत्येक खाक्यात गावाचं नाव एकाच जागी ठेवलेलं होतं. तिथं बदललं की सगळीकडे बदलायचं. लोकांना वाटलं आपा काहीतरी बोलेल. झेरॉक्सवाल्यानं तर मुद्दाम विचारलं. ती कीबोर्डवरून बोटं न उचलता म्हणाली, "गल्ली तीच हाय ना? चहा तोच हाय ना? मग एक सांग."

अशी ती. तोंडानं तिखट, कामात कडक. पण ती अशी कडक का झाली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी लागल्यानंतरचं पहिलंच वर्ष. त्या वेळी खाके वगैरे पुस्तकांपुरतेच होते. पत्रिकांना इतकं कोण करतं? जुनी फाईल उघडायची, नवं नाव द्यायचं, मजकूर बदलायचा. सगळा बोळ तसंच करायचा, आपाही तसंच करायची. एका दुपारी दोन माणसं आली. आपानं विचारलं, "कुणाच्या घरी काय आहे?" त्यातला एक म्हणाला, "भाऊ गेला. ॲक्सिडेंट. तेराव्याचं कार्ड पाहिजे." लग्न व्हायचं होतं त्या मुलाचं. घाई होती, लाईट जात-येत होती. आपानं समोरची लग्नपत्रिकेची फाईल घेतली, वरचा गणपती काढून टाकला, काळी चौकट टाकली, मजकूर लिहिला, वाचून दाखवला. त्यांनी मान हलवली. कार्डं छापून गेली.

दुसऱ्या दिवशी तोच भाऊ पायरीवर उभा. ओरडला नाही. कार्ड टेबलावर ठेवलं आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. आदल्या फाईलमधली लग्नाची बारीक ओळ तिथं तशीच राहिली होती. "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!" खाली चिंटू, परी, आर्यन.

आपा उठली. ओढणी डोक्यावर घेतली, मला म्हणाली, "चल." रात्र व्हायच्या आत नवी कार्डं छापायला सांगून आम्ही त्या भावाच्या मागोमाग त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर बायका बसलेल्या. त्या मुलाची आई भिंतीला टेकून होती, हातात तेच कार्ड. आपा तिच्यासमोर खाली बसली. "माय, माझ्या हातानं झालं," एवढंच म्हणाली.

त्या आईनं कार्डावरून अंगठा फिरवला. "काका म्हणणारी पोरंच नव्हती अजून आमच्यात," ती म्हणाली. "नवी छाप तू. गावात वाटायला नवी दे. पण हे एक राहू दे माझ्यापाशी. त्याच्या नावाचं लग्नाचं म्हणून एवढंच छापून आलंय."

दुकानात परत आल्यावर आपानं पत्रिकांच्या सगळ्या जुन्या फाईली एकेक करून उडवल्या. मी म्हटलं, आपा, उद्या लागतील. म्हणाली, "ज्यात कुणाचं काही उरलेलं आहे ते उद्याच्या माणसाला द्यायचं नाय." मग दोन दिवस बसून तिनं कोरे खाके केले. लग्नाचा वेगळा, तेराव्याचा वेगळा, दोघांची एकमेकांशी ओळखसुद्धा नको. प्रत्येक रिकाम्या जागेची स्टाईल लालभडक, म्हणजे भरायची राहिली तर ती ओरडेल. तेराव्याच्या खाक्यात लाल जागा सर्वांत कमी होत्या. "त्या घरात माणसाला फार विचारू नये," ती म्हणायची.

तर अशा बाईचे डोळे जायला लागले.

सुरुवात कपानं झाली. मी चहा तिच्या उजव्या हाताशी ठेवायचे, रोजच्यासारखा, आणि ती तो रोज सांडायला लागली. मग दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. शेजारच्या चष्मेवाल्यानं नंबर तपासला, मान हलवली आणि मोठ्या दवाखान्यात पाठवलं. काचबिंदू. गेलेलं परत येत नाही, आहे ते टिकवायचं, तेही जमेल तितकं. दवाखान्याच्या बाकावर बसून तिनं मला सांगितलं, जशी एखादी छपाईतली अडचण सांगावी, "समोरचं दिसतंय गं. समास गेलेत."

वर्षभरात समास आत आत सरकत आले. अक्षरं मोठी करता करता एका स्क्रीनवर एकच शब्द मावायला लागला. युनूसभाई खुलताबादहून दर जुम्म्याला यायचे. कापडाचं छोटं दुकान, मोटारसायकल, आणि बहिणीवर इतका जीव की रागावतानाही डोळे भरून यायचे.

"आपा, आँखाँच नै रहे तो मशीन का क्या करना? घर चलो. अम्मी का कमरा खाली पड़ा है."

"कमऱ्यात बसून काय करू? छत मोजू?"

"आराम करो."

"आराम मेल्यावर हायेच की."

ते माझ्याकडे बघायचे. मी कीबोर्डकडे बघायचे. खरं सांगायचं तर मला त्यांचं पटत होतं आणि तिचंही पटत होतं. घरी सासूबाई आणि हे भांडले तरी माझं असंच होतं.

त्याच दवाखान्यात तिला एक बँकेतले गृहस्थ भेटले, जन्मापासून अंध. त्यांनी सांगितलं, कॉम्प्युटर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, फुकट मिळतं. आम्ही ते टाकून घेतलं. आपानं कानात इअरफोन घातले, मला एक दिला आणि तिनं आधी तिची एक जुनी फाईल उघडली. आतली बाई भराभरा वाचायला लागली आणि त्यात मराठीचा एक शब्द नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर, टक्के. जुन्या फॉन्टात वरून मराठी दिसायचं, आत भलतंच असायचं. आम्ही दोघी ऐकत राहिलो. "माझी एवढ्या वर्षांची कमाई," आपा म्हणाली, "ही बाई शिव्या दिल्यासारखी वाचतीय."

ती हसली, पण इअरफोन काढून किती तरी वेळ हातात धरून बसली. मग म्हणाली, "नवी फाईल उघड. युनिकोडमधली."

युनिकोडमध्ये वर दिसतं तेच आतही असतं. ती फाईल त्या बाईनं नीट वाचली, जरा परदेशी सुनेसारखी, पण मराठीच. आणि मग आपाला सापडलं की एक बटण दाबलं की ती बाई मधला मजकूर सोडून थेट पुढच्या मथळ्यावर उडी मारते. "हेडिंग, लेव्हल वन." थोरला. "लेव्हल टू." मधला. पण कुठल्या मथळ्यावर? ज्याला स्टाईल लावलीय त्याच्यावर. ज्याला हातानं नुसतं मोठं, ठळक केलंय, तो त्या बाईच्या लेखी मथळाच नाही. आपानं ते बटण दाबत दाबत फाईलमधलं अख्खं पुस्तक पार केलं. दुसऱ्या हातानं तिनं माझं मनगट धरून ठेवलं होतं.

त्या सुमारास बिडकीनचे गुरुजी आले. रिटायर होऊन बरीच वर्षं झालेले, पांढरी टोपी, पिशवीत पेन ड्राईव्ह. आपानं विचारलं, "कुणाच्या घरी काय आहे?"

"घरी काही नाही आपा. गावाचं आहे," ते म्हणाले.

गावाच्या भोवतीची जमीन कारखान्यांसाठी गेली होती. पैसे मिळाले, गुरुजींची त्याबद्दल तक्रार नव्हती. पण प्रत्येक वावराला नाव होतं. चिंचेचं वावर, म्हसोबाची पट्टी, सवतीचा तुकडा. आता तिथं प्लॉट नंबर होते. गुरुजींनी गावाची हकीकत लिहिली होती आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून ती सगळी नावं त्यात घातली होती. "माझा नातू त्याच रस्त्यानं कंपनीत जातो," ते म्हणाले. "त्याला विचारलं कुठं निघालास, तर गेट नंबर सांगतो."

फाईल उघडली आणि मला घाम फुटला. गुरुजींनी सगळं स्पेसबारनं ढकललेलं. अक्षरशः म्हशींचा बाजार.

नेमके युनूसभाई त्या दिवशी आलेले. आपानं त्यांच्याकडे तोंड केलं. "हे पुस्तक मी लावते. छापायला जायच्या आधी मी स्वतः तपासणार. त्यात माझ्या नजरेतून... माझ्या कानातून एक जरी चूक सुटली, तर मी तुझ्या गाडीवर मागं बसते. नाय सुटली, तर पुन्हा हा विषय काढायचा नाय."

युनूसभाई म्हणाले, "जबान दी?"

"दी."

आम्ही कामाला लागलो. आधी साध्या लिहायच्या फाईलमध्ये सगळ्या मजकुराला वळण लावायचं, मग तो पानांच्या खाक्यात ओतायचा. डोळे माझे, हुकूम तिचा. गुरुजींच्या वावरांच्या नावांसाठी तिनं एक नवी स्टाईल केली. वाक्यात कुठंही वावराचं नाव आलं की फक्त तेवढ्या शब्दांना ती लावायची. दिसायला त्यात काहीच फरक नव्हता, ना ठळक, ना तिरपं. मी विचारलं, मग उपयोग काय? "शेवटी कळेल," ती म्हणाली. "खूण दिसायलाच पाहिजे असं थोडंच हाय."

काम संपलं त्या दिवशी गुरुजी आले होते, युनूसभाईही. बाहेर रिक्षा उभी होती. युनूसभाईंनी आपाच्या सामानासाठी ती आधीच सांगून ठेवली होती, इतकी त्यांना खात्री. आपानं इअरफोनची पिन काढून टाकली, म्हणजे आवाज सगळ्यांना ऐकू यावा, आणि ती प्रकरणांच्या मथळ्यांवरून निघाली, गावठाणाच्या पांढरीपासून. पांढर. लेव्हल वन. वेस. लेव्हल वन. ओढा. लेव्हल वन. बाजार.

तिचं बोट थांबलं. मागं गेली. ओढा. पुन्हा पुढं. बाजार.

"गुरुजी, ओढ्यानंतर तुमची शाळा यायची ना?"

"हो तर."

"मंगल, शाळा कुठं गेली?"

मी स्क्रीनवर पाहिलं. शाळा होती. मोठी, ठळक, बरोबर मधोमध. "आहे की आपा. ही काय."

"तुला दिसतीय. मला ऐकू येत नाय." तिनं माझ्या दिशेनं मान वळवली. "हातानं केलंस का?"

केलं होतं. कधी केलं तेही मला आठवेना. लाईट गेली होती की फोन आला होता, कोण जाणे. दिसायला तंतोतंत बाकीच्यांसारखं. फक्त अनुक्रमणिका स्टाईलवरून आपोआप तयार होते, तिच्यात तो मथळा आला नसता. ज्या शाळेत गुरुजींनी आयुष्य काढलं, ती अनुक्रमणिकेत नसती.

मी 'थोरला' लावला. आपानं पुन्हा बटण दाबलं. ओढा. लेव्हल वन. शाळा. लेव्हल वन. गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग आपानं मला शेवटचं काम सांगितलं आणि वावरांच्या खुणा गोळा होऊन पुस्तकाच्या मागं एक यादी तयार झाली, नावापुढं पान. ती बाई आपल्या परक्या उच्चारात एकेक वावर वाचू लागली. गुरुजी तिच्या मागून हळू आवाजात म्हणत होते, जसं वर्गात हजेरी घेताना पोरं म्हणतात. मधेच त्यांचा आवाज बंद झाला. बाई वाचत राहिली.

युनूसभाई उठले, दारात गेले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "जाओ मियाँ. कुछ नै ले जाना." परत येऊन त्यांनी आपाचा कप उचलला आणि तिच्या बरोबर समोर ठेवला, तिला दिसत होतं तेवढ्या जागेत.

त्यानंतर आपा आणखी काही वर्षं त्या खुर्चीत बसली. होतं तेवढंही दिसायचं हळूहळू संपलं. एका हिवाळ्यात छातीत दुखलं आणि ती गेली. युनूसभाईंनी तिला खुलताबादला नेलं. दुकान मी चालवते. म्हणजे खाके चालवतात, मी बसते. दादीला अजून हात लावलेला नाही.

मला तिचं शेवटचं जे आठवतं ते तिच्या जायच्या आधीच्या आठवड्यातलं. मी भाजी घेऊन बोळात शिरले. दुपार कलली होती, दुकानात अंधार. दिवा लावायचं तिला कारण उरलं नव्हतं आणि कॉम्प्युटरचा पडदाही ती बंदच ठेवायची. उगाच कशाला वीज जाळायची, म्हणायची. अंधारात फक्त कीबोर्डची टकटक. माझ्या पुढं एक माणूस पायरीपाशी घुटमळत होता, चप्पल काढावी की नाही अशा विचारात. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. त्यानं आत डोकावून विचारलं, "बंद आहे का?"

टकटक थांबली.

"बंद नाय भाऊ, या," आतून आपा म्हणाली. "बोला, कुणाच्या घरी काय आहे?"